करंजफाट्याचा त्रासांक

यादी सोमवारी सकाळी लागली. कामगार रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, पांढरा कोट अजून खुर्चीच्या पाठीवरच असताना, रोहिणी घुलेने ती उभ्याउभ्याच वाचली. राज्यातले चारशे बारा रस्ते आणि प्रत्येकापुढे एक आकडा. शून्य म्हणजे प्रवासी सुखात, शंभर म्हणजे जीव नकोसा. नीलमोहोर टाउनशिपचा रस्ता एक्क्याऐंशीवर होता, त्याला उड्डाणपूल मंजूर झाला होता. रोहिणीचं बोट पडद्यावरून खाली खाली सरकत गेलं. 'करंजफाटा ते औद्योगिक वसाहत' हे नाव शेवटून तिसरं होतं. आकडा नऊ. पुढे शेरा : 'प्रवासी समाधानी. निधीची आवश्यकता नाही.'

त्याच सकाळी त्याच रस्त्याने तेरा किलोमीटर यायला तिला दोन तास दहा मिनिटं लागली होती.

"यंत्रं बिघडलीत," ती स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली.

या यंत्रांवर तिचा जीव होता. पूर्वी रस्त्यांचा पैसा कसा वाटला जाई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्याचा आमदार वजनदार त्याचा पूल. बाकीच्यांनी निवेदनं द्यावीत, हार घालावेत, फोटो काढावेत आणि पुन्हा रांगेत उभं राहावं. मग डॉ. मालती खोब्रागडे या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी एक पट्टी बनवली. मनगटावर बांधायची, घड्याळापेक्षा हलकी. माणसावर ताण आला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा अगदी बारीक अंश घामात उतरतो. पट्टी तो अंश मोजायची, त्याला नाडीची आणि कातडीच्या ओलाव्याची जोड द्यायची आणि प्रवासभराचा हिशेब एका आकड्यात मांडायची. त्याचं नाव त्रासांक. माणूस खोटं बोलेल, आमदार खोटं बोलेल, घाम खोटं बोलणार नाही. राज्याने कायदा केला, वाहतूक-निवारण मंडळ नेमलं आणि ठरवलं की जिथे त्रास जास्त तिथे पैसा आधी.

कॉर्टिसॉल लाळेतही उतरतं; पट्टीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहायच्या चाचण्या झाल्या तेव्हा करंजफाट्यावर टेबल मांडून लाळेचे नमुने गोळा करणारी रोहिणीच होती. लोक नको म्हणत होते. "अहो, बांधा," ती एकेकाला सांगायची, "आता तुमचा त्रास सरकारला ऐकावाच लागेल." तिच्या शब्दावर साडेतीन हजार माणसांनी पट्ट्या बांधल्या होत्या. पहिल्या वर्षी या रस्त्याचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता, पण निधी तेव्हा नुकताच जमू लागला होता. दुसऱ्या वर्षी तो एकेचाळीसवर आला. आणि आता नऊ.

रस्ता मात्र होता तसाच होता. उलट वसाहतीत तीन कारखाने वाढले होते.

पुढच्या पंधरवड्यात रोहिणीने चौसष्ट प्रवाशांची लाळ गोळा केली. उठल्याबरोबर, अर्ध्या तासाने, दुपारी आणि संध्याकाळी, असे प्रत्येकाचे चार नमुने. त्यात तिचा नवरा संपत होता आणि ती स्वतःही होती. संपत कंपनीची बस चालवायचा. चौदा वर्षं तोच रस्ता, दिवसातून चार खेपा.

सगळे आलेख हाती आले त्या दुपारी तिने ते टेबलावर ओळीने मांडले. धडधाकट माणसाचं कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या तासात भराभर चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं. कागदावर त्याची टेकडी दिसते. या कागदांवर टेकडी नव्हती. एकामागून एक सपाट रेघा, माळरानासारख्या. पट्ट्या अगदी बरोबर मोजत होत्या.

ती पुण्याला जाऊन डॉ. खोब्रागडेंना भेटली. साठीच्या बाई, आवाज बसका. त्यांनी कागद एकदा पाहिले, पुन्हा पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"रोज घराला आग लागते आणि विझवायला कुणी येत नाही, असं वर्षानुवर्षं झालं तर मेंदू शेवटी हाकाटीच बंद करतो," त्या म्हणाल्या. "ग्रंथींना हुकूमच जात नाही. दीर्घकाळ पिचलेल्या माणसांत हे दिसतं, हे आम्हाला माहीत होतं. पण अख्ख्या रस्त्याला होईल, आणि इतक्या लवकर... ही माणसं शांत नाहीत, रोहिणी. ही विझलीत."

"मग मंडळाला सांगा ना तसं."

"कायद्यात त्रासांक लिहिलाय. विझणं लिहिलेलं नाही." बाईंनी कागद नीट जुळवले. "एक वाट आहे. एका रस्त्याच्या पाच हजार प्रवाशांनी लेखी मागणी केली तर मंडळाला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. तिथे मागा. म्हणावं, घाम नको, घड्याळ लावा. एका माणसाचा एक तास म्हणजे एक तास, मग तो कुणाचाही असो आणि त्याला दुखो वा न दुखो. निधी त्यावर वाटा."

परतीच्या वाटेवर रोहिणीला मोबाइलमधला मुलीचा एक जुना निरोप आठवला आणि तिने तो पुन्हा लावला. ईशानी अमरावतीला शिकायला होती. "आई, मी पहिली आलेय गं विद्यापीठात! आणि तू नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवलास. बरी आहेस ना?" निरोप सात महिन्यांपूर्वीचा होता. तेव्हा तो ऐकून आपण भाजी निवडायला घेतली होती, हे रोहिणीला स्पष्ट आठवत होतं. आताही तिने तो तीनदा ऐकला. आपल्याला आनंद व्हायला हवा हे कळत होतं, पण तो आतून वर येत नव्हता.

सासूबाई गेल्या तेव्हाही असंच झालं होतं. संपत पूर्वी भडक डोक्याचा, शब्दाला शब्द लागला की ताट भिरकावणारा. पण आईला अग्नी देऊन आला, अंघोळ केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. "वयाने शहाणे झाले," असं ती शेजारणीला म्हणाली होती. तिला बरंच वाटलं होतं तेव्हा.

मागणीचे फॉर्म घेऊन ती कोंडीत उतरली. सकाळी साडेसातला गाड्या थांबल्या की त्यांच्यामधून चालत जायचं, काचेवर टकटक करायची, फॉर्म पुढे धरायचा. लोकांना पटवावं लागेल, वाद घालावा लागेल, म्हणून तिने घरी आरशासमोर बोलण्याची तयारी केली होती. त्यातलं काहीच लागलं नाही. काच खाली यायची, हात बाहेर यायचा, सही व्हायची.

"कशाची मागणी आहे, विचारत नाही तुम्ही?" तिने एका दुचाकीवाल्याला विचारलं.

"कशाची?"

"सरकारकडे आपल्या रस्त्यासाठी पैसा मागतोय. आपल्या हक्काचा."

"बरं," तो म्हणाला आणि पेन परत केलं.

अकरा दिवसांत पाच हजार दोनशे सह्या झाल्या. फाट्यावरचे चहावाले यासीन इनामदार तो गठ्ठा हातात तोलत म्हणाले, "ताई, मला हे बरं लक्षण दिसत नाही." टपरीच्या मागेच त्यांचं घर होतं. त्यांना कधी त्या रस्त्यावरून जावंच लागत नसे. "पाच वर्षांमागं इथं रोज हाणामाऱ्या व्हायच्या. शिव्या ऐकून माझी बायको दार लावून घ्यायची. आता गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ घातलेला चहा दिला ना, तरी पिऊन जातंय. खोटं नाही सांगत. चुकून झालं परवा. सात जण पिऊन गेले."

त्याच आठवड्यात ती अँब्युलन्स दिसली. ओढ्यावरच्या पुलाच्या पलीकडे, दोन ट्रेलरच्या मधे अडकलेली. भोंगा बंद होता. रोहिणीने ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "वाजवून काय उपयोग? कोण कुठं सरकणार?" मागचं दार उघडं होतं. आत एक म्हातारा माणूस आडवा होता आणि शेजारी त्याचा मुलगा, कारखान्याच्या गणवेशात, मांडीवर हात ठेवून बसलेला. रोहिणीने नाडी पाहिली. नाडी नव्हती. हात अजून कोमट होता.

"केव्हा?" तिने विचारलं.

"मघाशी. पुलाच्या आधी." मुलाने तिच्या हातातला कागद पाहिला. "सही करायचीय का?"

त्याने सही केली. रोहिणी फॉर्म घेऊन पुढच्या गाडीकडे गेली. चार गाड्या झाल्यावर तिचे पाय आपसूक थांबले. आपण मेलेल्या माणसाशेजारी सही घेतली आणि पुढे चालू लागलो. तिने दुभाजकावर बसून डोळे मिटले आणि स्वतःच्या आत दुःख शोधलं, निदान लाज तरी. चाचपडत राहिली. हाताला लागली ती फक्त एक थंड, अस्पष्ट भीती. तीच घट्ट धरून ती उठली.

संध्याकाळी ती संपतला म्हणाली, "तुमची रजा किती साचलीय?"

"आसंल अडीच-तीन महिन्याची. का?"

"उद्यापासून घ्या. भंडारदऱ्याकडे तुमच्या ताईंकडे जाऊन राहा. सुनावणीपर्यंत या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही."

पूर्वीचा संपत असता तर तासभर भांडला असता. हा म्हणाला, "बरं," आणि पिशवी भरली.

डॉ. खोब्रागडेंनी तिला सांगितलं होतं की ताण सुटला तर ग्रंथी पुन्हा जाग्या होऊ शकतात. कुणाला महिना लागतो, कुणाला वर्ष. रोहिणी रोज फोन करायची. पहिले तीन आठवडे उत्तर एकच, "चाललंय." सव्विसाव्या दिवशी भर दुपारी संपतचाच फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक असा आवाज, जो तिने लग्नाच्या एकवीस वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"रोहिणी, आई गेली गं."

"अहो... दोन वर्षं झाली त्याला."

"मला आज कळलं!" तो हमसून हमसून रडत होता. "ताई भाकरी थापीत व्हती. तसाच हात, आईवानी. आन् एकदम कळलं. मी भाकरी खाल्ली गं त्या दिवशी. आईला जाळून आलो आन् भाकरी खाल्ली!"

रोहिणी फोन कानाला लावून उभी राहिली. तिने सांत्वनाचे शब्द आठवून आठवून उच्चारले.

सुनावणी फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात झाली. तीनेकशे माणसं आली. पुढे मंडळाचे अधिकारी बसले होते. मुख्य अधिकारी सौजन्याने बोलणारे, केस नीट विंचरलेले. डॉ. खोब्रागडे कडेच्या खुर्चीत होत्या. रोहिणीने चौसष्ट आलेख पडद्यावर दाखवले आणि नऊ या आकड्याचा अर्थ समाधान नव्हे, हे समजावून सांगितलं. मग अधिकाऱ्यांनी सभेकडे वळून विचारलं, "आपल्याला या रस्त्याचा नेमका काय त्रास होतो? कुणीही सांगा."

कुणी उठेना. शेवटी त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईंना नावाने विचारलं.

"तसा काही नाही," ती बाई म्हणाली.

"तुम्ही सही केलीये."

"हो. या ताई आल्या होत्या."

त्यांनी आणखी नऊ जणांना विचारलं. सवय झालीय. चालतं. घरी तरी काय करायचं लवकर जाऊन. अधिकारी लिहून घेत होते. रोहिणी उठून म्हणाली, "अहो, बोला ना! रोज चार तास जातात तुमचे. आठवड्याचा एक अख्खा दिवस. तुमची पोरं तुम्हाला झोपलेलीच दिसतात. मागा, तुमचं आहे ते!" तिचा आवाज तिलाच पाठ केल्यासारखा वाटला. तीनशे चेहरे तिच्याकडे पाहत राहिले, मन लावून आणि रिकामे.

तेव्हा मागून संपत आला. तो त्याच दिवशी परस्पर ताईच्या गावाहून आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मी सांगतो," तो म्हणाला. "साहेब, मी या रस्त्यानं चौदा वर्षं माणसं न्हेली. पस्तीस दिवसांमागं मला इचारलं असतंत तर मी बी हेच बोललो असतो, काय नाय, बरंय. माझी आई मेली, मला कळलं नाय. पोरगी पहिली आली, कळलं नाय. जेवणाची चव गेली ती कळली नाय. हा त्रास नाय तर काय हाय? दुखत नाय म्हणून पाय नीट हाय असं म्हणता व्हय तुम्ही? कुजला पाय तर दुखत न्हाईच!" त्याने टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला कलंडला. "आम्हाला आमची दुखणी परत द्या. आन् मग मोजा!"

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. दाराशी उभे असलेले यासीन इनामदार तेवढे डोळे पुसत होते. अधिकाऱ्यांनी पाणी टिपलं आणि संपतचं निवेदन शब्दशः नोंदवून घेतल्याचं सांगितलं.

निकाल दीड महिन्याने आला. तो घेऊन डॉ. खोब्रागडे स्वतः प्रयोगशाळेत आल्या. त्या कोंडीतून आल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी कागद पुढे केला.

"वाच. परिशिष्टात तुझं नाव आहे. आभार मानलेत तुझे."

करंजफाट्याची मागणी फेटाळली होती. त्याखाली नवा नियम होता. 'सादर केलेल्या चौसष्ट प्रवाशांच्या शास्त्रीय नोंदींवरून असे दिसते की, कोणताही खर्च न करता रस्त्याचा त्रासांक साधारण तीन वर्षांत स्वीकारार्ह पातळीवर येतो. सबब, यापुढे कोणत्याही रस्त्यास पहिली तीन वर्षे निधी देण्यात येऊ नये. या कालावधीस अनुकूलन काल असे संबोधावे.' मंजूर झालेले पूलही थांबवले होते. नीलमोहोरचाही.

"त्यांना सगळं समजलं होतं," बाई म्हणाल्या. "संपतरावांचं एकेक वाक्य समजलं होतं. दुखणं परत येतं, हेही. म्हणून तर खाली आणखी एक कलम आहे. प्रवाशांना सलग तीन आठवड्यांहून जास्त रजा देऊ नये, असं कारखान्यांना सुचवलंय." त्यांनी कपाळ दाबून धरलं. "मी मंडळाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. तो त्यांनी तितक्याच सौजन्याने घेतला."

रोहिणीने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. "माझेच आलेख," ती म्हणाली.

"पट्टी माझी," बाई म्हणाल्या.

घरी तिने संपतला निकाल सांगितला. तो ओट्यापाशी उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "मी सोमवारी ड्युटीवर जातो."

"नका जाऊ. दुसरं काम बघू. टेम्पो चालवा, काहीही करा."

"जायचंय मला." त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं दुःख इतकं उघडं होतं की तिनेच मान वळवली. "तुला नाय कळायचं, तू अजून त्या बाजूला हायेस. रोज सकाळी उठलो की आई नव्यानं मरती. भाकरी दिसली की मरती. तिथं बसमधी बसलो की चार-सहा महिन्यांत थांबंल ते. मला ठावं हाय."

"आणि माझं काय? ईशानीचं काय?"

"तुमच्यासाठी पगार आणतो की," तो हळूच म्हणाला.

सोमवारी तो ड्युटीवर गेला. रोहिणीने मात्र रुग्णालयातली नोकरी सोडली आणि नीलमोहोरच्या वेशीवर, घरापासून चालत वीस मिनिटांवर असलेल्या एका लहान प्रयोगशाळेत काम धरलं. पाच महिन्यांनी, रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना, तिला अँब्युलन्समधला तो कोमट हात आठवला आणि ती तिथेच खाली बसली. त्या संध्याकाळी तिने ईशानीला फोन करून इतकं रडून अभिनंदन केलं की मुलगी घाबरली. घरी संपत जेवत होता. "कसलं रडू आलं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. "बरं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. एका छपराखाली दोघं राहत होते, पण आता ती त्या बाजूला नव्हती आणि तो होता.

मग तिने पुन्हा फॉर्म छापले. नीलमोहोरच्या लोकांना तिथे राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. म्हणजे उरलेलं दीड. सकाळी कामावर जाण्याआधी ती चौकातल्या सिग्नलला उभी राहू लागली. "आत्ता मागा," ती सांगायची. "अजून तुम्हाला राग येतोय तोवर मागा. नंतर तुम्ही मागणार नाही आणि तुम्हाला ते कळणारही नाही." पुष्कळ जण वैतागायचे. एकाने तिला वेडी म्हटलं, एका बाईने वाट अडवल्याबद्दल भरपूर सुनावलं. त्या दिवशी रोहिणी हलक्या पावलाने कामावर गेली.

एका गुरुवारी पांढऱ्या गाडीतल्या तिशीच्या मुलीने काच खाली केली. मागच्या सीटवर बाळाची रिकामी खुर्ची होती. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग गोड हसली.

"पण मला आता एवढा त्रास होत नाही हो काकू," ती म्हणाली. "आधी व्हायचा."

अजून दीड वर्षाचा अवधी होता, असं रोहिणी धरून चालली होती.

"केव्हापासून होत नाही?"

मुलगी विचार करू लागली. काच वर करायला सरसावलेलं तिचं बोट बटणावरच राहिलं. "दिवाळीपासून असेल. की आधीपासून? बाळाला सांभाळायला सासूबाई आल्या तेव्हा..." ती थांबली. कपाळावर एक बारीक आठी आली. "मी आधी रडायचे इथे. याच सिग्नलला. बाळ माझ्याशिवाय झोपायचं म्हणून."

"तेच लिहा," रोहिणीने काचेच्या कडेवर हात ठेवला. "मागणी-बिगणी राहू द्या. आधी काय व्हायचं, एवढंच लिहा. तुमच्या अक्षरात."

मुलीने स्टिअरिंगवर कागद टेकवला आणि पेन घेतलं. पहिला शब्द लिहायला तिला फार वेळ लागला. मग दुसरा आला. सिग्नल हिरवा झाला. ती लिहीत राहिली.